मदत हवी आहे: फुलमेटल अल्केमिस्ट 2003वरून ब्रदरहूडवर कुठे उडी मारावी?

(स्पॉयलर आहेत.) फुलमेटल अल्केमिस्ट या मांगावर (जपानी चित्रकथेवर) दोन अॅनिमे मालिका आहेत: 2003ची आणि नंतरची ब्रदरहूड. मी दोन्ही पाहिल्या आहेत, आता नवख्या प्रेक्षकाला दाखवायच्या आहेत. ब्रदरहूडची सुरुवात फार घाईची आहे. लहानगी नीना चौथ्या भागात येते आणि त्याच भागात संपते. लष्करी अधिकारी ह्यूज दहाव्यातच मरतो, त्याच्याशी पुरती ओळखही झालेली नसते. 2003मध्ये तोच प्रसंग 25व्या भागात येतो आणि म्हणून मनाला लागतो. शेवट मात्र मला ब्रदरहूडचाच हवा.

म्हणून 2003चे 25 भाग दाखवून थेट ब्रदरहूडच्या 11व्यावर नेऊन पाहिलं. पहिली अडचण, दाराशी बसलेलं ते पांढरं 'सत्य' (ब्रदरहूडमधली एक गूढ आकृती) प्रेक्षकाला कळेना. मध्ये ब्रदरहूडचा दुसरा भाग घातल्यावर ते सुटलं. पहिला भाग मुद्दामच वगळला. मांगात नसलेली कथा आहे आणि सगळी पात्रं एकदम अंगावर येतात.

खरा घोळ पुढे आहे. खलनायक किम्ब्ली 2003मध्ये लष्कराच्या पाचव्या प्रयोगशाळेतून सुटतो, तर ब्रदरहूडमध्ये तुरुंगातच असतो. खुनी बॅरी द चॉपरशी नायक एडची गाठ 2003मध्ये आधीच पडलेली असते. होमुन्क्युलस (कृत्रिम माणसं) कसे जन्मतात याचं उत्तर तर दोन्हीकडे पूर्ण वेगळं.

मांगा वाचायला सांगू नका, हा प्रेक्षक तो वाचणार नाही. दोन्ही मालिका सलग पाहायचीही तयारी नाही. दुसऱ्या भागाशिवाय अजून फार तर दोन भाग घालता येतील, आणि नीना-ह्यूज पुन्हा नकोत. ही सरमिसळ कुणी करून पाहिली असेल तर सांगा: ब्रदरहूडच्या 3 ते 10मधले नेमके कोणते दोन घ्यावेत, की 2003च 25च्या आधी थांबवावी?