औषधशास्त्र आणि रेण्वीय जीवशास्त्र: संशोधकाचे काम कसे पारखावे?

खारघर_विद्यार्थिनी

नमस्कार. मी नवी मुंबईत एम.फार्म. करते आहे आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधते आहे. ज्यांच्याकडे अर्ज करण्याचा विचार आहे, त्यांचे शंभरावर शोधनिबंध आहेत. सुरुवातीचे निबंध उंदरांवरील औषधचाचण्यांचे, मधले यकृतातील एन्झाइमांचे आणि अलीकडचे जनुकीय भेदांचे आहेत. कॉलेजात विचारले की एच-इंडेक्स (निबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा) पाहा एवढेच सांगतात. विषय असे बदलत गेले असतील तर ते काम विस्कळीत समजावे का, आणि यादीत नेमके काय वाचावे?

ठाण्याचे_निवृत्त_औषधशास्त्रज्ञ

विषय बदलला म्हणून प्रश्न बदलला असे होत नाही. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांचे काम या दृष्टीने जरूर वाचा. १९४४ मध्ये त्या बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या, तेव्हा प्रश्न एकच होता: वाढणाऱ्या पेशीला डीएनए बनवण्यासाठी प्युरीन लागते, तर तिला त्याच्यासारखे दिसणारे पण कामाला न येणारे रेणू दिले तर काय होईल? त्यातून ६-मर्कॅप्टोप्युरीन हाती आले आणि १९५३ मध्ये रक्ताच्या कर्करोगावर त्याला मान्यता मिळाली. हे औषध शरीरात झँथिन ऑक्सिडेज या एन्झाइममुळे लवकर निकामी होते, म्हणून ते एन्झाइम रोखण्यासाठी ॲलोप्युरिनॉल तपासले गेले. त्याने युरिक ॲसिडही घटते असे दिसले आणि ते गाऊटचे (युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीचे) औषध ठरले. त्याच प्युरीनच्या वाटेने मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरले गेलेले ॲझाथायोप्रिन आणि पुढे विषाणूंवरचे ॲसायक्लोव्हिर आले. नुसती शीर्षके वाचणाऱ्याला कर्करोग, गाऊट, प्रत्यारोपण आणि नागीण ही चार वेगळी क्षेत्रे वाटतील. १९८८ चे नोबेल त्यांना हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले, आणि त्यांनी पीएच.डी. पूर्ण केलेली नव्हती, हेही एच-इंडेक्सवाल्यांना आवर्जून सांगावे.

तुम्ही सांगितलेला प्रवासही मला याच धाटणीचा वाटतो. ६-मर्कॅप्टोप्युरीन आजही मुलांच्या ल्युकेमियात दिले जाते, आणि हे औषध निकामी करणाऱ्या एन्झाइमांच्या टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ या जनुकांत भेद असलेल्या रुग्णात नेहमीचा डोसही रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतो. यांपैकी एनयूडीटी१५ मधील भेद आशियाई लोकांत अधिक आढळतात. त्यामुळे औषधाकडून एन्झाइमाकडे आणि एन्झाइमाकडून जनुकाकडे गेलेला माणूस त्याच एका प्रश्नाच्या अधिक खोलात गेलेला असू शकतो. तसे आहे की नाही, हे निबंधांच्या प्रस्तावना लागोपाठ वाचल्या की कळेल.

प्रयोगशाळा_नवी_मुंबई

सरांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण प्रस्तावनेत धागा सुंदर दिसला तरी आतले प्रयोग तितके भक्कम असतीलच असे नाही. दोन-तीन मूळ निबंध काढा, समीक्षा-लेख तूर्त बाजूला ठेवा आणि आधी आकृत्या पाहा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) ॲक्टिनची, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या नेहमीच्या प्रथिनाची, पट्टी सर्व नमुन्यांत सारखी आहे का? पेशींवर किती मायक्रोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक) औषध वापरले आहे आणि तेवढे माणसाच्या रक्तात पोहोचते का? हळदीतल्या कर्क्युमिनवरच्या असंख्य निबंधांची गोची इथेच होते: प्रयोगशाळेतल्या ताटलीत दहा-वीस मायक्रोमोलरला पेशी मरतात, परंतु ग्रॅमने तोंडावाटे देऊनही रक्तात त्याचे प्रमाण अत्यल्पच राहते. शिवाय असा रेणू अनेक चाचण्यांत खोटा सकारात्मक निकाल देतो. ज्या संशोधकाने डोस का निवडला याचे कारण दिले आहे, त्याच्याकडे शिकायला मिळेल असे मी निःशंकपणे म्हणेन.

खारघर_विद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. सर, तुम्ही म्हणता तशा प्रस्तावना वाचल्या. उंदरांवरच्या निबंधात काही प्राण्यांत औषधाची पातळी अनपेक्षितपणे वाढल्याची नोंद आहे आणि पुढचे एन्झाइमांचे काम तिथूनच सुरू झालेले दिसते. ताई, अलीकडच्या निबंधांत मात्र त्या मार्गदर्शकांचे नाव बहुतेक ठिकाणी लेखकांच्या यादीत मधेच आहे. याचा अर्थ काय घ्यावा?

प्रयोगशाळा_नवी_मुंबई

आपल्या विषयात बहुधा प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती पहिली आणि प्रयोगशाळाप्रमुख शेवटी असतात. मधले नाव म्हणजे सहकार्य. नमुने किंवा एखादे तंत्र त्यांनी पुरवले असेल. त्यात कमीपणा नाही, पण जनुकांचे प्रयोग दुसऱ्याच संस्थेत होत असतील तर तुम्हाला ते तंत्र कुठे शिकायला मिळेल, हे भेटीत स्पष्ट विचारा. निबंधाच्या शेवटी कोणी काय केले याची नोंद असते, ती आधी वाचून जा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पहिला लेखक असेल, तर त्यालाही एक ईमेल पाठवा.