झेड ड्राइव्ह सर्व्हरला दिसत नाही, हा बग नाही

अंत्रुजकार
काल इथे एकाने लिहिलं: 'एसक्यूएल सर्व्हरला मॅप केलेला झेड ड्राइव्ह दिसत नाही, हा मायक्रोसॉफ्टचा जुना बग. एक्सपी_सीएमडीशेल चालू करा, नेट यूज मारा, विषय संपला.' खाली लोकांनी आभारही मानलेत, म्हणून सविस्तर लिहितो. (मॅप केलेला झेड म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर, नेट यूज ही ते जोडायची कमांड, आणि एक्सपी_सीएमडीशेल म्हणजे एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधून विंडोजच्या कमांड चालवायची सोय.)

बग कसला? ड्राइव्हचं अक्षर लॉगिन सेशनपुरतं असतं. तुम्ही जोडलेला झेड तुमचा. डेटाबेसची सर्व्हिस तिच्या वेगळ्या अकाउंटने चालते, तिच्या लेखी झेड नावाचं काही नाहीच. म्हणून बॅकअप घेताना 'ऑपरेटिंग सिस्टम एरर ३' येते. पटत नसेल तर त्याच मशीनवर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. माणूस तोच, तरी झेड बहुतेक वेळा गायब. अकाउंट्सच्या बाईंचा झेड एका फोल्डरवर, स्टोअरवाल्याचा दुसऱ्यावर असेल तर सर्व्हरने कुणाचा धरायचा?

साध्या प्रॉम्प्टवर नेट यूज लिहा. 'रिमोट'खाली खरा पाथ, म्हणजे यूएनसी, दिसतो, \\सर्व्हर\शेअर असा. बॅकअपमध्ये तोच द्या. सर्व्हिसच्या अकाउंटला शेअरवर आणि फोल्डरच्या सिक्युरिटीत, दोन्हीकडे परवानगी हवी. सर्व्हिस व्हर्च्युअल अकाउंटवर (विंडोज स्वतः सांभाळतं त्या खात्यावर) असेल तर डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनचे यूजर एका मध्यवर्ती सर्व्हरवर असतात तिथे, ती मशीनच्या अकाउंटने बाहेर जाते, शेवटी डॉलर असतो त्या.

म्हापशेकार
ती पोस्ट माझी. डोमेन म्हणे! म्हापशाच्या बाजारातल्या होलसेलवाल्याकडे किंवा डिचोलीच्या काजू कारखान्यात डोमेन शोधून दाखवा. चार पीसी, एक नास (नेटवर्कवरचा फाइली ठेवायचा डबा), वर्कग्रुप, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हर नाही, प्रत्येक मशीनचे यूजर वेगळे. तिथे तुमचं डॉलरवालं अकाउंट नास ओळखत नाही, थेट 'ॲक्सेस डिनाइड'. नेट यूजमध्ये नाव-पासवर्ड दिला की बॅकअप सुरू. गिऱ्हाइकाला बॅकअप हवा, व्याख्यान नको.

साखळीकर
सुरू, पण सर्व्हिस रिस्टार्ट होईपर्यंत. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे आधीच्या माणसाने हेच करून ठेवलं होतं. पावसात लाईट गेली, सर्व्हर बंद पडून परत उठला, मॅपिंग गेलं. बॅकअपचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रोज रात्री फेल होत होता आणि कुणी बघत नव्हतं. चतुर्थीच्या तोंडावर डिस्क गेली तेव्हा नासवरची शेवटची फाइल जूनमधली निघाली. मालकांनी बिलबुकं काढून सगळी एंट्री पुन्हा करून घेतली.

म्हापशेकार
तो दोष यूपीएसचा. आणि फेल झालेला जॉब न बघणाऱ्याचा. यूएनसी दिला असता आणि नास बंद असता तर काय झालं असतं? तेच. मालक एएमसीचे, वार्षिक देखभालीच्या कराराचे, पैसे देताना हात आखडतात, ते बोला आधी. वर्षाला एकदा बोलावतात आणि रोजचा बॅकअप तपासला का म्हणून विचारतात!

साखळीकर
एएमसीचं शंभर टक्के खरं. आमच्याकडेही तीच रड. पण म्हणूनच आपोआप टिकणारी सोय हवी ना? ज्याच्याकडे वर्षभर कुणी फिरकणार नाही, त्याला रिस्टार्टला सांडणारी जोडणी कशी देता?

पणजीची डीबीए
एएमसी राहू दे. एक्सपी_सीएमडीशेल २००५च्या आवृत्तीपासून मुळात बंद येतं, ते कारणाशिवाय नाही. ते चालू म्हणजे सिसॲडमिन (एसक्यूएलचे सगळे अधिकार असलेलं) लॉगिन हाती लागलेला माणूस सर्व्हिसच्या अधिकारात विंडोजवर वाटेल ती कमांड चालवू शकतो. शिवाय तुमचा नेट यूज जॉबच्या स्टेपमध्ये आहे ना? मग नासचा पासवर्ड एमएसडीबीमध्ये, एसक्यूएल जॉब साठवतो त्या डेटाबेसमध्ये, साध्या अक्षरांत पडलाय. ज्या नासवर बॅकअप, त्याचीच किल्ली दारात. रॅन्समवेअरवाल्याला आणखी काय हवं?

म्हापशेकार
पणजीत बसून बोलणं सोपं आहे, बाय. वर्कग्रुपमध्ये काय करायचं ते एकानेही सांगितलेलं नाही.

अंत्रुजकार
सांगतो, चिडू नका. नासवर एक यूजर करा. त्याच नावाचा, त्याच पासवर्डचा यूजर सर्व्हरवर करा, ॲडमिन नको. एसक्यूएलची सर्व्हिस त्या यूजरने चालवा. नास त्याला ओळखतो, मॅपिंग लागत नाही, पासवर्ड जॉबमध्ये येत नाही, रिस्टार्टनंतरही चालतं.

म्हापशेकार
बरं. काजूवाल्याकडे करून बघतो. बग हा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही. पण उद्या कुणी नासचा पासवर्ड बदलला तर हेही बंदच पडणार.

पणजीची डीबीए
पडेल. दोन्हीकडे बदलावा लागतो. आणि सर्व्हिसचा पासवर्ड एसक्यूएलच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच बदला, विंडोजच्या सर्व्हिसेसमधून नको.