भागाकार करून फोन निवडणाऱ्यांना साष्टांग नमस्कार

आळशी कासव:
परवा तक्तेवाला यांनी त्यांचा तक्ता टाकला. पाहिला नसेल त्यांच्यासाठी: सोळा फोन, प्रत्येकाला रॅम, मेगापिक्सेल, बॅटरीचे एमएएच, स्क्रीनचे हर्ट्झ (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) आणि चार्जिंगचे वॅट यांचे गुण, सगळ्यांची बेरीज, भागिले किंमत. ज्याचा भागाकार मोठा तो डोळे मिटून घ्या, 'बाकी सगळं मार्केटिंग'. खाली 'धन्यवाद, काम सोपं केलंत' म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे. मला काही झोप लागेना, म्हणून हे लांबण.

मेगापिक्सेलपासून सुरू करू. १०८ला तुम्ही ५०च्या दुपटीहून जास्त गुण दिलेत. तो १०८वाला कॅमेरा रोजचा फोटो काढताना नऊ-नऊ पिक्सेलांची मोट बांधून १२ मेगापिक्सेलचाच फोटो हातात देतो. सेन्सर एवढासा, त्यावर पडणारा उजेड एवढासा, एकेका पिक्सेलच्या वाट्याला येणार काय? चांगल्या फोटोला सेन्सर मोठा लागतो, लेन्स बरी लागते, हात हलला तर सांभाळून घेणारं ओआयएस लागतं. यातलं एकही तक्त्यात नाही. वर कडी म्हणजे २ मेगापिक्सेलच्या त्या मॅक्रो कॅमेऱ्यालाही गुण! पाठीवर तीन गोल दिसावेत म्हणून असतो हो तो.

पुढे रॅम. '८+८' लिहिलेल्या फोनला १६चे गुण. त्यातले दुसरे ८ रॅम नाहीतच, स्टोरेजकडून उसने आणलेत. आणि स्टोरेज कसलं? ईएमएमसी की यूएफएस, हा रकानाच नाही. ईएमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. मागे ॲप अपडेट होत असताना फोन का गुदमरतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

एवढ्या तावातावाने लिहितोय कारण असाच बेरजेत पहिला आलेला फोन मी घेतला होता. पहिले सहा महिने मजेत. चौदाव्या महिन्यात भाची पहिल्यांदा कुणी न धरता सायकल चालवायला लागली. मी बटण दाबलं. स्क्रीन काळी, मग कॅमेऱ्याचं चिन्ह, मग परत काळी. शेवटी फोटो निघाला त्यात अर्धं मागचं चाक, तिची गळून पडलेली एक चप्पल आणि भिंत. भाची आता गिअरची सायकल मागते.

भागायचंच असेल तर किमतीला महिन्यांनी भागा. न चिडता जेवढे महिने वापरता येईल, तेवढ्यांनी.

तक्तेवाला:
आमच्या तक्त्याला एवढा मोठा लेख! धन्य झालो.

आता उत्तर. तुमच्या भाचीच्या सायकलसाठी मी दुप्पट पैसे मोजायचे का? खिशात ठरावीक रक्कम आहे, त्यात जास्तीत जास्त काय मिळेल, एवढ्यासाठी तक्ता केला होता. 'महिन्यांनी भागा' म्हणायला छान वाटतं, पण महिने कुठून आणता? गूगलचा पिक्सेल ८ हा फोन ऑक्टोबर २०२३मध्ये आला आणि सात वर्षं अपडेट म्हणाले. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ जानेवारी २०२४चा, त्यांचंही तेच. म्हणजे वचन पाळलं की नाही हे २०३०-३१मध्ये कळणार. मी छापील आकडे मोजतो, तुम्ही वचनं मोजता.

आणि महागडा फोन टिकतो हे कुणी सांगितलं? माझ्या थोरल्या भावाने असाच 'पाच वर्षं बघायला नको' म्हणत घेतला. तिसऱ्या महिन्यात जिन्यावरून उतरताना हातातून सटकला. स्क्रीन बदलायचा खर्च ऐकून तो तिथेच खुर्चीत बसला. त्या पैशात माझा अख्खा फोन आला असता. आता त्याच्या स्क्रीनवर पारदर्शक चिकटपट्टी आहे. त्याला कशाने भागू?

नवखा_०७:
मला वडिलांसाठी घ्यायचा आहे. तक्त्यातला पहिला मागवू का? कुणी पटकन सांगेल का?

सोल्डरगन:
दोघांचंही गणित कच्चं. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो म्हणून सांगतो. अपडेट सात वर्षं येतील हो, बॅटरी कोण सात वर्षं पुरवणार? लिथियमची बॅटरी वापरा न वापरा, म्हातारी होतेच, आणि उष्णतेत लवकर होते. तक्तेवाल्यांनी ज्याला सगळ्यात जास्त गुण दिले ते वॅट वाढले की नीट सांभाळलं नाही तर उष्णताही वाढते. एकाच फोनला दोन्हीकडून गुण!

पूर्वी नख घालून झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, नवी टाकायची. अर्धं मिनिट. आता माझ्याकडे फोन आला की आधी गरम करायचा, कडेचा गम सुटेपर्यंत. मग रबरी चकती लावून काच उचलायची, फटीत पातळ प्लॅस्टिकची पट्टी सारायची, आणि श्वास धरून फिरवायची, कारण खाली कुठे केबल आहे ते मॉडेलगणिक बदलतं. आत बॅटरी पुन्हा गमने चिकटवलेली. ओढायची पट्टी दिलेली असते, ती दहातल्या निम्म्या वेळा मध्येच तुटते. मग फुगलेली बॅटरी न वाकवता उचला. एकदा वाकली आणि धूर निघाला. वाळूची बादली टेबलाखाली का असते, हे त्या दिवशी घरच्यांना कळलं.

बॅटरी काढता येत नाही त्या फोनला मी शून्य गुण देतो. संपलं.

जलचर:
सोल्डरगन, स्मरणरंजन पुरे. झाकण बंद झालं म्हणून फोन पाण्यात टिकायला लागले. गम आहे म्हणून आयपी६८ आहे, म्हणजे पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा. माझा फोन बादलीत पडून वाजत होता, आतून! काढला, पुसला, बोललो. तुमच्या नखाने उघडणाऱ्या झाकणात हे होणार नाही.

सोल्डरगन:
२०१४चा गॅलेक्सी एस५. आयपी६७, आणि झाकण नखाने उघडायचं. पुढच्या वर्षी एस६ आला: झाकण चिकटवलेलं, बॅटरी आत कोंडलेली, मेमरी कार्ड गायब, आणि पाण्यापासूनचं संरक्षणही गायब. आता सांगा, गम कुणासाठी लावला? सॅमसंगचाच एक्सकव्हर ६ प्रो २०२२चा आहे, आयपी६८ही आहे आणि बॅटरीही निघते. जमतं. करायचं नसतं.

जलचर:
एस५ माझ्याकडे होता. चार्जिंगच्या भोकाला रबरी झडप होती, दर वेळी दाबून बसवायची. झाकण सगळ्या कडांनी दाबायचं, एक कोपरा राहिला की आयपी६७ गेलं खड्ड्यात. आणि ते एक्सकव्हर जरा हातात धरून बघा. वीट आहे वीट. तुम्ही दुरुस्तीवाले, तुम्हाला बॅटऱ्या विकायच्या आहेत, हे आम्हाला कळत नाही असं वाटतं का?

सोल्डरगन:
वा! जरा डोकं चालवा. झाकण नखाने उघडलं तर लोक बॅटरी घरीच बदलतील, माझ्याकडे येतील कशाला? गमवर माझं घर चालतं. तरी मी गमला शिव्या घालतोय. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणाऱ्याला धंदेवाईक म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

आणि तुमच्या आयपी६८बद्दल: ती चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात होते. साबणाचं पाणी, समुद्राचं पाणी, दोन वर्षं वापरून सैल झालेला गम, हे त्यात नाही. पाणी शिरलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटीत हात वर करतात. बादलीत वाजला, नशीब समजा.

जलचर:
नशीब तर नशीब. फोन चालू आहे. वीट तुम्हाला लखलाभ.

चष्मिष्ट:
बॅटरीवाल्यांनो, जरा दम खा. तक्त्यात माझ्या डोक्याचा रकाना कुठे आहे?

सगळ्यांनी सांगितलं ॲमोलेड स्क्रीनचा घे, काळा रंग बघ कसा काळाभोर दिसतो. घेतला. आठवड्यात रोज रात्री उजव्या डोळ्यामागे ठणका. चष्म्याचा नंबर तपासला, तोच. मग कळलं की उजेड कमी केला की असले बरेच स्क्रीन प्रकाश कमी करत नाहीत, भराभर चालू-बंद होतात. बहुतेकांना जाणवत नाही, मला जाणवतं. आता साधा एलसीडी वापरते आणि भाचरं मला हसतात. हसोत. तुमचे १२० हर्ट्झ तुमच्याकडेच ठेवा.

आणि आकार! माझा अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. आयफोन १३ मिनी २०२१मध्ये आला, त्यानंतर त्यांनी मिनी काढलाच नाही. मोठ्या स्क्रीनला जास्त गुण कोणत्या हाताच्या माणसाने ठरवले?

तक्तेवाला:
चष्मिष्टताई, आकाराला मी गुण दिलेले नाहीत. तक्ता न वाचता झोडपायची पद्धत आहे इथे.

चष्मिष्ट:
वाचला. 'स्क्रीन' नावाचा रकाना आहे.

तक्तेवाला:
तो हर्ट्झचा आहे. मथळा चुकला. मान्य.

दुसऱ्या हातचा:
तुम्ही सगळे नव्याच्या मागे लागलात म्हणून गोंधळ. दोन वर्षं जुना, तेव्हाचा सगळ्यात वरचा फोन घ्यायचा, कंपनीने तपासून परत विकलेला. चांगला कॅमेरा, वेगवान स्टोरेज, किंमत मध्यम. मी तीन फोन असेच घेतले. तक्ता करायला वेळ कुणाला आहे?

आळशी कासव:
कल्पना बरी आहे, पण एक मेख आहे. अपडेटची वर्षं कंपन्या सहसा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. चार वर्षं मिळणारा फोन दोन वर्षांनी घेतलात तर उरली दोनच. बॅटरीही दोन वर्षं वापरलेली, नवी टाकली आहे का ते विचारून घ्यावं लागतं. म्हणजे पुन्हा सोल्डरगन यांच्या टेबलावर.

दुसऱ्या हातचा:
चौथा घेताना विचारीन.

तक्तेवाला:
आता मला एक सांगा कासवभाऊ. तुम्ही स्वस्त फोन मंदावतात म्हणता. २०१७च्या डिसेंबरात माफी कुणी मागितली होती? बॅटरी जुनी झाली की फोनचा वेग गुपचूप कमी करणारे कोण होते? स्वस्तवाले नव्हते. ॲपलने मागितली होती, आणि पुढे वर्षभर बॅटऱ्या सवलतीत बदलून द्याव्या लागल्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?

आळशी कासव:
हा मुद्दा तुमचा. पण त्यातून सोल्डरगन बरोबर ठरतात, तुमचा तक्ता नाही. बॅटरी बदलली की तेच फोन पुन्हा धावायला लागले. म्हणजे फोन चांगला होता, बॅटरी थकली होती. माझा तो बेरजेतला पहिला फोन बॅटरी बदलूनही धावला नाही. बदलून बघितली, दोनदा.

सोल्डरगन:
दोनदा? दुसऱ्यांदा बदलणाऱ्याने तुम्हाला गंडवलं. एरवी, धन्यवाद.

आणि बॅटरीचंच म्हणाल तर युरोपियन युनियनने २० जून २०२५पासून नियमच केलाय: तिथे विकायच्या नव्या फोनची बॅटरी चार्जिंगच्या ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर पुढे किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. तक्तेवाला, हे वचन नाही, कायदा आहे. घाला रकाना.

तक्तेवाला:
घालतो. तुमच्यासाठी नाही, कायद्यासाठी.

तासाभराने आलो. मेगापिक्सेलचा रकाना उडवला. उसन्या रॅमचे गुण कापले. स्टोरेजचा प्रकार आणि अपडेटची उरलेली वर्षं घातली. जुना पहिला आता नववा. जुना अकरावा पहिला आला आणि तो सगळ्यात महाग नाही, याची कासवभाऊंनी नोंद घ्यावी. गंमत म्हणून कासवभाऊ सध्या वापरतात तो फोनही त्यात टाकला. सतरातला तेरावा.

आळशी कासव:
तेराव्यावरूनच लिहितोय. चौथं वर्ष चालू आहे, कॅमेरा लगेच उघडतो. तक्त्यात 'लगेच'चा रकाना टाका.

जलचर:
पाण्याचा रकाना अजूनही नाही. मुद्दाम?

चष्मिष्ट:
डोक्याचाही.

नवखा_०७:
घेतला! काल वडिलांनाच दुकानात नेलं. मी नव्या तक्त्यातले वरचे तीन त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी तिन्हींवर एकच गाणं पूर्ण आवाजात लावलं, दुकानातले सगळे वळून बघायला लागले. मग मला दाराबाहेर उभं करून तिन्हींवरून फोन लावला आणि 'ऐकू येतंय का?' विचारलं. ज्याचा आवाज फाटला नाही तो घेतला. तिसरा निघाला. मेगापिक्सेल किती आहेत ते त्यांनी विचारलंच नाही.

तक्तेवाला:
स्पीकरचे डेसिबल कंपन्या छापत नाहीत. कुणी मोजलेत का? कुठे मिळतील?