होस्टिंगवरचे मेल गूगल वर्कस्पेसवर न्यायचेत, क्रम काय ठेवावा?

चाकण_फॅब्रिकेशन:
आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. डोमेन स्वतःचं, मेल वेबसाइटच्याच शेअर्ड होस्टिंगवर (सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल). कोटेशन ग्राहकांच्या स्पॅममध्ये जातात, म्हणून मेल गूगल वर्कस्पेसवर न्यायचं ठरलंय. वेबसाइट आहे तिथेच राहील. माणसं सहा. 'सेल्स'वर आलेला मेल दोघांना दिसला पाहिजे, 'अकाउंट्स' एकाकडेच. अकाउंटंटचं आउटलुक पीओपीवर (मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घ्यायची पद्धत) आहे आणि टॅलीतून बिलं मेलने जातात. कामाच्या दिवशी मेल बंद न पडता हे कसं करायचं?

डीएनएस_वाला:
सगळ्यात आधी नेमसर्व्हर (डोमेनची रेकॉर्डं जिथे ठेवलेली असतात ते सर्व्हर) कुठले आहेत ते बघा. डोमेन एकीकडे घेतलेलं, होस्टिंग दुसरीकडे, आणि माणूस चुकीच्याच पॅनेलमध्ये रेकॉर्ड बदलत बसतो, असं फार होतं. नेमसर्व्हर होस्टिंगचे असतील तर बदल सीपॅनेलच्या झोन एडिटरमध्येच करायचे.

१. एमएक्स रेकॉर्डचा (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचे ते सांगणारं रेकॉर्ड) टीटीएल, म्हणजे इतरांनी ते उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा, आदल्या दिवशीच ३०० करा. सीपॅनेलमध्ये तो बहुधा १४४०० असतो, म्हणजे चार तास. टीटीएल आणि एमएक्स एकाच वेळी बदलले तर उपयोग शून्य, कारण जुनं उत्तर लोकांच्या सर्व्हरकडे तोवर साठलेलं असतं.

२. वर्कस्पेसमध्ये डोमेनची पडताळणी करा आणि सगळे युजर आणि पत्ते आधी तयार करा. एमएक्स फिरला आणि पत्ताच नाही, तर आलेला मेल परत जातो.

३. शनिवारी संध्याकाळी एमएक्स बदला. आता गूगलचा एकच रेकॉर्ड पुरतो, प्राधान्य १. जुनी पाच रेकॉर्डंही चालतात. होस्टिंगचा जुना एमएक्स मात्र काढूनच टाका. 'राहू दे बॅकअपला' म्हणून ठेवलात तर काही मेल गुपचूप जुन्या पेटीत पडत राहतील.

४. जुने मेल अ‍ॅडमिन कन्सोलमधल्या डेटा मायग्रेशनने आयमॅपवरून (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) ओढा, पोर्ट ९९३. हे एमएक्स फिरल्यानंतर केलं तरी चालतं, म्हणून जुन्या पेट्या लगेच पुसू नका.

अकाउंटंटच्या पीसीकडे वेगळं लक्ष द्या. पीओपीमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल, तर त्यांचे जुने मेल सर्व्हरवर नाहीतच, फक्त त्या पीसीवरच्या आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये आहेत. आधी ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. नंतर आउटलुकसाठी गूगलचंच मायग्रेशन टूल आहे, त्याने ती चढवा.

पोस्टमास्तर_७:
स्पॅमचं मूळ शेअर्ड आयपीत (होस्टिंगवरच्या अनेकांचा मिळून एकच सर्व्हर-पत्ता) असू शकतं, पण नुसतं गूगलवर गेल्याने ते सुटेल असं धरून चालू नका. तीन गोष्टी लागतात.

एसपीएफ (तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी): डोमेनला एसपीएफची टीएक्सटी (मजकुराच्या रेकॉर्डची) ओळ *एकच*. होस्टिंगची जुनी तशीच ठेवून गूगलची दुसरी टाकली की दोन्ही बाद, तपासणीत 'पर्मएरर' येतो. जुनी ओळच दुरुस्त करा. शिवाय त्या ओळीतल्या 'इन्क्लूड'मुळे (दुसऱ्या सेवेची यादी जोडणारा शब्द) होणाऱ्या डीएनएस चौकश्या, म्हणजे डोमेनच्या रेकॉर्डांची विचारणा, दहाच्या पुढे गेल्या तरी हाच एरर. मार्केटिंगच्या मेलसाठी, सीआरएमसाठी (ग्राहकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर) एकेक जोडत गेलं की हा आकडा कधी ओलांडला ते कळत नाही.

डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही): जीमेल चालू केल्यावर किल्ली तयार करायला २४ ते ७२ तास थांबावं लागू शकतं. २०४८ बिटची घ्या. सीपॅनेल नावाच्या शेवटी डोमेन स्वतःच जोडतं, त्यामुळे पूर्ण नाव पेस्ट केलंत तर डोमेन दोनदा लागू शकतं आणि मग गूगलला रेकॉर्ड सापडत नाही. रेकॉर्ड टाकून झाल्यावर कन्सोलमध्ये परत जाऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबायचं असतं. निम्म्या तक्रारी या बटणाच्या असतात.

डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं रेकॉर्ड): सुरुवातीला पॉलिसी 'नन' (काहीच करू नका) ठेवा आणि अहवालांसाठी वेगळा पत्ता द्या, कारण एक्सएमएल फाइलींचा पाऊस पडतो. तुमच्या नावाने कुठून कुठून मेल जातात ते कळलं की 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) करा.

तपासायला एखाद्या खाजगी जीमेलवर मेल पाठवा आणि तिथे तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' हवं.

ऑफिस_आयटी_सांगली:
'सेल्स'साठी वेगळं लायसन्स घेऊ नका. एकट्याला हवा असेल तर एलियस (त्याच पेटीचा दुसरा पत्ता), एका युजरला ३० पर्यंत फुकट मिळतात. तुमचा 'अकाउंट्स' तसाच करा. 'सेल्स' दोघांना हवाय, तर ग्रुप करा. पण ग्रुपच्या सेटिंगमध्ये बाहेरच्यांना पोस्ट करायची परवानगी द्यायला विसरू नका. नाहीतर आपसात चाचणी मस्त होते आणि ग्राहकाचा मेल 'परवानगी नाही' म्हणून परत जातो.

उत्तर 'सेल्स'च्या नावाने जावं म्हणून दोघांच्याही जीमेल सेटिंगमध्ये 'सेंड मेल अ‍ॅज'मध्ये तो पत्ता जोडा, आणि 'ज्या पत्त्यावर मेल आला त्यावरूनच उत्तर' हा पर्याय निवडा.

सहीत नाव, हुद्दा, फोन, जीएसटीआयएन एवढं पुरे. बँक खातं सहीत नको. 'आमचं खातं बदललंय' अशा फसव्या मेलला आयता नमुना मिळतो. लोगो ड्राइव्हवरून लावत असाल तर फाइल सर्वांना दिसेल अशी शेअर केलेली हवी, नाहीतर समोरच्याला रिकामा चौकोन दिसतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून उचललेला मजकूर पलीकडे इंग्रजी अक्षरांचा काला होऊन पोचतो.

टॅलीला नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. त्या युजरला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड (एखाद्या सॉफ्टवेअरपुरता वेगळा पासवर्ड) काढा आणि तोच टॅलीत घाला. पोर्ट ४६५ किंवा ५८७.

चाकण_फॅब्रिकेशन:
एमएक्स, एसपीएफ झालं. बाहेरचे मेल येताहेत. पण वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचे येईनात.

डीएनएस_वाला:
सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडा. तिथे 'लोकल' असणार, ते 'रिमोट' करा. सर्व्हरला अजून वाटतंय की या डोमेनचे मेल आपल्याकडेच आहेत, म्हणून तो एमएक्स न बघता जुन्या पेटीत टाकतोय. मधल्या चौकश्या तिथेच सापडतील, वेबमेलमधून उचला.

दुसरं, फॉर्मच्या 'फ्रॉम'मध्ये ग्राहकाचा पत्ता घातला असेल तर काढा. याहूची डीमार्क पॉलिसी 'रिजेक्ट' आहे, त्यामुळे याहूवाल्या ग्राहकाची चौकशी तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. 'फ्रॉम' तुमच्या डोमेनचा, ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. वर्डप्रेस असेल तर एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) प्लगइन टाकून फॉर्मही गूगलमधूनच पाठवा.