मदत हवी आहे: उडत्या पांढऱ्या फुलपाखरांची नोंद कशी करावी?

ठरलेल्या वाटेवर सावकाश चालत, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्याच पट्ट्यातली फुलपाखरं मोजतो आहे. तीही तापमान 13 अंशांच्या वर आणि ऊन असेल तरच. अडचण पांढऱ्यांची आहे. पिएरिस नापी या पांढऱ्या जातीच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला शिरांवर हिरवट-करड्या रेषा असतात, पण त्या बसल्यावरच नीट दिसतात. आणि ती बसतील तर ना! तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पिएरिस रापे या जातीच्या वसंतातल्या पिढीचे पंखांवरचे ठिपके फिकट, म्हणजे तीही खूण गेली. अशा वेळी नुसतं 'पिएरिस, जात अनिश्चित' लिहावं की जाळीत अलगद धरून पाहावं? घिरट्या घालत परत आलेलं फुलपाखरू दुसऱ्यांदा मोजायचं का? उडतानाच्या फोटोसाठी शटरचा वेग 1/2000 सेकंद पुरेल?