'आस्क'नंतर 'टू' की 'फ्रॉम'? इंग्रजी क्रियापदांची प्रिपोझिशन्स

सराफ्याची_रात्र (इंदूर): स्पर्धा परीक्षेत 'चूक ओळखा'चे मार्क नेमके प्रिपोझिशनमध्ये जातात. 'टॉक अबाउट' चालतं, 'डिस्कस अबाउट' चूक. 'आस्क' म्हटलं की कधी 'टू' तोंडात येतं, कधी 'फ्रॉम'. याद्या पाठ होत नाहीत. काही युक्ती?

माळवी_मास्तर: 'टू' मराठीतून येतं, 'फ्रॉम' हिंदीतून. 'त्याला विचार' म्हणून 'आस्क टू हिम', 'उससे पूछो' म्हणून 'आस्क फ्रॉम हिम'. इंग्रजीला दोन्ही नको: 'आस्क हिम'. 'कुत्र्याला घाबरतो', 'कुत्ते से डरता है', आणि इंग्रजीत 'अफ्रेड ऑफ'. (हे विशेषण, पण दुखणं तेच.) 'तिच्याशी लग्न' वरून 'मॅरीड विथ' होतं, हवं 'मॅरीड टू'. आपल्या इंदुरात दोन्ही भाषा दिवसभर जिभेवर, त्यामुळे घसरायच्या वाटाही दोन. यादी करायचीच तर फक्त न जुळणाऱ्यांची करा. 'च्यावर अवलंबून' म्हणजे 'डिपेंड ऑन', हे आपसूक जुळतं. त्यावर वेळ घालवू नका.

छप्पनची_चव: 'डिस्कस'चा घोळ नाम-क्रियापदाचा आहे. 'डिस्कशन अबाउट' बरोबर, कारण ते नाम. क्रियापदाला थेट कर्म लागतं: 'वी डिस्कस्ड द फी'. तसंच 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'ही रिक्वेस्टेड लीव्ह'. 'लॅक ऑफ टाइम', पण 'ही लॅक्स टाइम'. परीक्षेत 'लॅक्स ऑफ' हमखास येतं.

सराफ्याची_रात्र: आणि 'शाउट ॲट', 'शाउट टू' दोन्ही दिसतात ते?

माळवी_मास्तर: दोन्ही बरोबर, अर्थ वेगळा. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून; 'ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून. 'टू' पोचवतं, 'ॲट' नेम धरतं. म्हणून लांबच्याला ऐकू जावं म्हणून हाक मारली तर 'शाउट टू', खेकसलं तर 'शाउट ॲट'. 'अग्री'चंही पाहून ठेवा: माणसाशी 'विथ', प्रस्तावाला 'टू', दोघांनी मिळून तारीख ठरवली तर 'ऑन'.

छप्पनची_चव: एक राहिलं. 'लूक फॉरवर्ड टू मीट यू' चूक, 'मीटिंग यू' हवं. शंका आली तर 'टू'पुढे नाम ठेवून बघा. 'लूक फॉरवर्ड टू दिवाळी' जमतं, म्हणजे हा 'टू' प्रिपोझिशन, पुढे आयएनजी. 'वॉन्ट टू दिवाळी' जमत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. बाकी शब्द लर्नर्स डिक्शनरीत (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात) बघा, तिथे क्रियापदासोबत प्रिपोझिशन छापलेलं असतं. साध्या इंग्रजी-मराठी कोशात बहुधा अर्थच मिळतो.