एकाच मोबाइलचे निपाणीत, कोल्हापुरात आणि ऑनलाइन तीन वेगळे दर: यात स्पर्धा किती आणि अन्याय किती?

निपाणीकर (प्रश्न)

मुलीला महाविद्यालयासाठी मोबाइल घ्यायचा आहे. कंपनी तीच, मॉडेल तेच, मेमरी तेवढीच. पण निपाणीत दर १८,४९९ रुपये, कोल्हापुरात १७,९९९ आणि ऑनलाइन १६,९९९. ठरावीक बँकेचे क्रेडिट कार्ड असेल तर ऑनलाइन दर आणखी दीड हजाराने उतरतो. खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत मात्र या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे प्रत्येकजण ‘सवलत’ देत असल्याचेच सांगतो.

निपाणीतले दुकानदार ओळखीचे असून ते फसवतील असे मला वाटत नाही. ‘याहून खाली देणे आम्हाला परवडतही नाही आणि कंपनी देऊही देत नाही’, असे त्यांचे म्हणणे आहे. यातला पहिला भाग समजतो, दुसरा खटकतो. माल एकदा विकत घेतल्यावर तो किती कमी दराने विकायचा हे कंपनी कशी ठरवू शकते? शिवाय कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या करांत फरक असल्याने हे होते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

करसल्लागार, चिकोडी

कराचा प्रश्न आधी निकालात काढतो. १ जुलै २०१७ पूर्वी प्रत्येक राज्य आपापला व्हॅट ठरवत असे, तेव्हा सीमेच्या अलीकडे-पलीकडे दर बदलण्यास ते एक खरे कारण होते. जीएसटी आल्यापासून ते उरलेले नाही. मोबाइलवरील जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि तो देशभर सारखाच आहे. १७,७०० रुपयांच्या मोबाइलमध्ये २,७०० रुपये कर असतो, मग तो निपाणीत घ्या, कागलमध्ये घ्या किंवा ऑनलाइन मागवा. ‘कर्नाटकात टॅक्स जास्त आहे’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

कमाल किरकोळ किंमत ही केवळ वरची मर्यादा आहे. तिच्या खाली किती उतरायचे यावर वैधमापन (वजनमापांच्या) कायद्याचे बंधन नाही, आणि म्हणूनच ती मुळातच फुगवून छापली जाते.

दुकानदार, बेळगाव

मी या व्यवसायात आहे, त्यामुळे माझे म्हणणे एका बाजूचे समजून वाचावे.

आपल्या निपाणीच्या दुकानदारांनी सांगितलेले दोन्ही भाग खरे आहेत. ऑनलाइन ज्या दराने ग्राहकाला मोबाइल मिळतो, त्या दराने आम्हाला तो डिस्ट्रिब्युटरकडून अनेकदा मिळतच नाही. नवे मॉडेल आधी ऑनलाइन येते. सणाच्या सेलमध्ये त्याची मागणी भागून गेली की मग ते आमच्याकडे येते. चालणारे मॉडेल हवे असेल तर त्याबरोबर न चालणारी दोन मॉडेल उचलावी लागतात, आणि ती कपाटात पडून असताना कंपनीने दर उतरवला तर फरकाची क्रेडिट नोट (ती रक्कम आमच्या खात्यात जमा धरल्याची चिठ्ठी) कधी येईल याचा भरवसा नसतो. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार आणि हा अडकलेला पैसा, सगळे त्या १८,४९९ मध्ये आहे.

आता सीमाभागातली खरी अडचण, जिची बाहेरच्यांना कल्पना नसते. कंपन्यांच्या लेखी कर्नाटक आणि महाराष्ट्र हे वेगवेगळे झोन असतात. आपल्या झोनचा माल दुसरीकडे विकायचा नाही, असा दंडक असतो, आणि मोबाइल कुठे चालू झाला हे आयएमईआय क्रमांकावरून (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) त्यांना दिसते. चंदगड तालुक्यातली, अगदी शिनोळीपासूनची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाजाराला बेळगावला येतात. त्यांच्यापैकी कोणी माझ्याकडून मोबाइल घेतला आणि घरी जाऊन सिम घातले, तर कागदोपत्री माझा माल महाराष्ट्रात ‘गेला’. असे बॉक्स जास्त दिसले की स्कीमचे, म्हणजे विक्रीवर कंपनीकडून मिळणारे जादा पैसे कापले जातात. सरकारने करापुरती राज्यांची सीमा पुसली, ती या कंपन्यांनी विक्रीसाठी पुन्हा आखली आहे! कोल्हापुरात स्वस्त मिळणारा माल तिथल्या व्यापाऱ्याकडून घेऊन इथे विकावा, तर तीही सोय नाही.

खानापूरचा ग्राहक

दुकानदार साहेबांबद्दल आदर ठेवूनही सांगावेसे वाटते की, ऑनलाइन विक्री नव्हती तेव्हा आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांना शहरातले दुकान सांगेल तो दर द्यावा लागत असे. खानापुरात बसून बेंगळूरच्या दरात मोबाइल मिळू लागला, हा स्पर्धेचाच फायदा आहे आणि तो आम्ही का सोडावा?

मात्र ऑनलाइनचा जाहिरातीतला दर सर्वांसाठी नसतो. आमच्याकडे शेतकऱ्यांपैकी किती जणांकडे क्रेडिट कार्ड असते? ‘नो-कॉस्ट ईएमआय’चेही तसेच. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. हल्ली व्याजाइतकी सवलत आधी दाखवतात आणि व्याज नंतर लावतात. क्रेडिट कार्डवर घेतले तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्याच माथी येतो, आणि काही ठिकाणी प्रक्रिया शुल्क वेगळे. तेव्हा तुलना करताना शेवटी खिशातून जाणारी पूर्ण रक्कम पाहावी.

वकील, बेळगाव

मूळ प्रश्न असा होता की, कमी दराने विकण्यास कंपनी मनाई करू शकते का. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) मध्ये उत्पादक आणि विक्रेता यांच्यातील अशा करारांचा स्पष्ट उल्लेख आहे: एका वस्तूबरोबर दुसरी घेण्याची सक्ती, विक्रीचे क्षेत्र वाटून देणे, ठरावीक विक्रेत्यालाच माल देणे आणि पुनर्विक्रीच्या दरावर बंधन घालणे. दुकानदारांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या यादीत बसतात. पण त्या आपोआप बेकायदा ठरत नाहीत. त्यामुळे स्पर्धेला लक्षणीय बाधा येते हे सिद्ध व्हावे लागते, आणि सगळी लढाई तिथेच अडते.

तरीही उदाहरण आहे. मारुती सुझुकीने आपल्या वितरकांना ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सवलत देण्यास मनाई केली होती आणि ती पाळली जाते का हे पाहण्यासाठी बनावट ग्राहक पाठवले जात. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्या कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मोटारीला जे तत्त्व लागू होते, ते मोबाइलला लागू न होण्याचे कारण मला दिसत नाही.

ऑनलाइन कंपन्यांचे प्रकरण तर आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयात गाजले. मोबाइलची ठरावीक मॉडेल एकाच संकेतस्थळावर आणणे, मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप देणे आणि मोठ्या सवलती, या तक्रारींवरून आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. ती तक्रार दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या संघटनेची होती. चौकशीला कर्नाटक उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली, पण जून २०२१ मध्ये एकल न्यायमूर्तींनी आणि जुलैमध्ये खंडपीठाने कंपन्यांच्या याचिका फेटाळल्या. २०२४ मध्ये चौकशी अहवालात नियमभंग आढळल्याच्या बातम्या आल्या.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चाहून कमी दराने विकणे हा कलम ४ चा भंग ठरतो, पण ती कंपनी बाजारात एकटीच्या बळावर प्रभुत्वशाली असावी लागते. दोन बड्या कंपन्यांचे एकत्रित प्रभुत्व आपला कायदा मानत नाही. म्हणून आयोगानेही कलम ३ चाच मार्ग धरला. माझ्या मते कायद्यातील ही मोठी फट आहे.

निपाणीकर

सर्वांचा आभारी आहे. म्हणजे दर कमी असणे हा आक्षेप नसून, माल कोणाला मिळतो आणि दर उतरवण्याची मोकळीक कोणाला आहे, हा आक्षेप आहे, असे मी समजतो. दुकानात पुन्हा बोलून पाहतो. पण माझ्यासारख्याने ग्राहक आयोगाकडे जावे का?

वकील, बेळगाव

केवळ दर जास्त आहे म्हणून जाऊ नये; तक्रार टिकणार नाही. कमाल किरकोळ किमतीहून जास्त घेतले, सील फोडलेला बॉक्स नवा म्हणून दिला किंवा बिल नाकारले, तर जरूर जावे. बिलावर आयएमईआय लिहून घ्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मोबाइल कोल्हापुरात घेतला तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे चालेल, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

दुकानदार, बेळगाव

निपाणीच्या दुकानात जाताना ऑनलाइन दर दाखवून विचारा. चार्जर, कव्हर, काच यांत तरी ते नक्की सोडतील. तिथे कंपनीचा झोन आड येत नाही.